निवांत हवेची वाटणी : मोठ्या हेली मेळाव्यात पाळ्या कशा लावाव्यात

रिमोटच्या हेलिकॉप्टरांचा मेळावा भरवायचा ठरला की आयोजकांची धावपळ होते ती मैदान, मांडव, नाश्ता आणि टी-शर्ट यांच्यासाठी. पाळ्यांचं काय, असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: ‘तिथे गेल्यावर बघू, सगळी आपलीच माणसं आहेत.’ तिथे गेल्यावर काय दिसतं? सकाळचे आठ वाजलेत, गवताचं पातंही हलत नाहीये, चार ओळखीचे चेहरे आलटून पालटून उडवतायत, आणि डोंबिवलीहून पहाटे निघालेला नवा मुलगा ४५० आकाराची (लहान गटातली) हेली मांडीवर घेऊन मांडवात बसलाय. त्याचा नंबर लागतो साडेअकराला, वारा सुटल्यावर. पाच मिनिटं त्यालाही मिळाली आणि त्या चौघांनाही. हिशेबाच्या वहीत वाटणी समान. पण त्याला जे मिळालं ते उरलंसुरलं होतं.

मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या मंडळींचा, तीस ते साठ पायलटांचा, एक दिवसाचा हिवाळी मेळावा डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी, अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सच्या मैदानावर ‘आयआरसीएचए’ची, म्हणजे रिमोट-हेलिकॉप्टरवाल्यांच्या संघटनेची, जांबोरी (मोठा मेळावा) भरते, तिथे शेकडो पायलट येतात आणि लांबलचक लाईनवर (पायलट ओळीने उभे राहून उडवतात ती जागा) एकाच वेळी कितीतरी हेली हवेत असतात. आपल्याकडे तेवढी जागाही नाही आणि तेवढी माणसंही. पण प्रश्न तोच आहे, आणि जागा कमी असल्यामुळे आपल्याला तो जास्त बोचतो.

वाटायचं नेमकं काय

रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर येण्याआधी हा प्रश्न निम्मा आपोआप सुटायचा. ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोजके चॅनल असत. एका चॅनलवर दोन ट्रान्समीटर एकदम चालू झाले की मॉडेल जमिनीवर आलंच म्हणून समजा. त्यामुळे मैदानावर एक फळा असे आणि प्रत्येक चॅनलचा एक चिमटा. चिमटा ज्याच्या हाती, त्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा. कुणी फार वेळ उडवत राहिला तर त्याच चॅनलचा दुसरा गडी मागे येऊन उभा राहायचा आणि खाकरायचा. आता सेट स्वतःच फ्रिक्वेन्सी बदलत राहतात, डझनावारी ट्रान्समीटर शेजारी शेजारी चालतात. फळा गेला, चिमटे गेले, आणि रांगही गेली असं काहींनी परस्पर ठरवून टाकलं.

रेडिओची अडचण संपली, आकाशाची नाही. ७०० आकाराच्या (मोठ्या गटातल्या) हेलीचा रोटर, म्हणजे वरच्या पात्यांचा घेर, दीड मीटरहून थोडा मोठा असतो. तो मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरला तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी ५८० किलोमीटरच्या आसपास जातो. अशी पाच किलोची वस्तू टिक-टॉक आणि पायरो-फ्लिप अशा कसरती करत असताना तिच्या शेजारी दुसरी किती जवळ आणायची याला मर्यादा आहे. साध्या शेतजमिनीवर एका वेळी तीन, फार तर चार हेली हवेत.

पण खरी टंचाई वेळेचीही नाही. दिवस मोठा असतो, दुपारी दोन वाजता लाईन रिकामी पडलेली असते. टंचाई असते ती निवांत हवेची. पावसाळ्याचे चार महिने आपले बादच. ऑक्टोबरचा उकाडा सरला आणि भात कापून झाला की खाचरं मोकळी होतात, आणि तिथून फेब्रुवारीपर्यंत सूर्योदयानंतरचे तीन-साडेतीन तास सोन्याचे. मग जमीन तापते, हवा उचल खायला लागते, दुपारनंतर पश्चिमेचा वारा भरतो. संध्याकाळी पुन्हा तास-दीड तास बरा मिळतो. तेव्हा वाटणीचा पहिला नियम असा लिहून ठेवा: मिनिटं नाही, सकाळ वाटायची आहे.

जागा आणि परवानगी

हे थोडक्यात, कारण लेखाचा विषय हा नाही. पण हे चुकलं तर पाळ्या लावायला काही उरणारच नाही. मुंबई शहरात मेळाव्याचा विचारही नको. सांताक्रूझ, जुहू आणि आता नवी मुंबई असे विमानतळ, नौदलाचा परिसर, तुर्भ्याचं (ट्रॉम्बेचं) भाभा अणुकेंद्र, आणि त्यावर मुंबई पोलिसांचे ड्रोन व रिमोटच्या विमानांवरचे मनाई आदेश, जे वरचेवर निघत असतात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा विभाग असतो आणि त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत. म्हणून मुरबाड, शहापूर किंवा कर्जतच्या पलीकडची बाजू बघायची, डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा जागा ठरवताना तपासायचा आणि मेळाव्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासायचा. वजनाचे गटही ध्यानात असू द्या: ४५० आकाराची हेली दोन किलोच्या आत बसते, ७०० आकाराची ‘स्मॉल’ गटात जाते. नोंदणी आणि तृतीय पक्ष विमा यांची चौकशी प्रत्येकाने येण्याआधी करायची. शेतमालकाची लेखी संमती, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला पत्र. उंचावरून ऑटोरोटेशन (इंजिन बंद ठेवून नुसत्या फिरत्या पात्यांवर उतरणं) करण्याचा शौक असलेल्यांना ४०० फूट म्हणजे सुमारे १२० मीटर, हे वेगळं बजावून सांगा.

आधी आकडेमोड, मग आमंत्रण

बहुतेक मेळावे इथेच फसतात. किती माणसं बोलवायची हे मैदानाच्या आकारावरून किंवा जेवणाच्या ताटांवरून ठरतं, उड्डाणांवरून नाही.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सूचना वगैरे आटोपून साडेसातला पहिली हेली हवेत, असं धरा. साडेसात ते अकरा म्हणजे २१० मिनिटं. यातली २० मिनिटं स्केलवाल्यांना (खऱ्या हेलिकॉप्टरची हुबेहूब प्रतिकृती उडवणारे, त्यांच्याबद्दल पुढे), २० मिनिटं पडलेली हेली उचलून आणण्यात किंवा वरून खरं विमान जात असल्यामुळे थांबण्यात, आणि २० मिनिटं सकाळच्या नेहमीच्या गोंधळात. उरली १५० मिनिटं. स्टेशन, म्हणजे लाईनवर एकेका पायलटने उभं राहून उडवायच्या जागा, चार.

आता एका पाळीला किती वेळ लागतो? पायलटला विचाराल तर तो म्हणेल, ‘पाच मिनिटं.’ ते फक्त हवेतलं. हेली घेऊन आत जाणं, ठेवणं, पॅक (बॅटरी) जोडणं, जायरोला (हेलीला स्थिर ठेवणाऱ्या उपकरणाला) स्थिर होऊ देणं, रोटरला वेग घेऊ देणं, उतरल्यावर पाती पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहणं, उचलून बाहेर येणं हे सगळं धरलं की नऊ मिनिटं होतात. १५० भागिले ९, म्हणजे एका स्टेशनवर १६ पाळ्या, चार स्टेशनवर ६४. चाळीस पायलट असतील तर प्रत्येकाला एक, आणि दुसरी फक्त चोवीस जणांना. भांडण इथेच शिजतं.

तीच पाळी सात मिनिटांत आटोपली तर? एका स्टेशनवर २१, चारवर ८४. म्हणजे चाळिसांतल्या प्रत्येकाला सकाळच्या हवेत दोन-दोन पाळ्या, वर चार शिल्लक. हवेतल्या वेळेला हात न लावता जमिनीवरची फक्त दोन मिनिटं वाचवली, आणि चोवीस जणांचं सुख चाळिसांना पुरलं. म्हणून पुढे मी ‘तयारीच्या चौकटी’वर एवढा जोर देणार आहे.

हे गणित मांडून झालं की संख्या ठरवा. माझं मत विचाराल तर, चार स्टेशनच्या मैदानावर चाळीसच्या वर नावं घेऊ नयेत. साठ घ्यायचीच असतील तर फॉर्मवरच लिहा: ‘सकाळी प्रत्येकी एक पाळी नक्की, दुसरीची खात्री नाही.’ आधी सांगितलेलं कमी माणसं पोटात घालतात. तिथे येऊन कळलेलं घालत नाहीत.

फॉर्ममध्ये नाव-गावाशिवाय एवढं विचारा: हेलीचा आकार, इलेक्ट्रिक की नायट्रो (इंधनावर चालणारी), थ्रीडी (उलट्यासुलट्या कसरती) उडवता की साधं की स्केल, अजून फक्त शेपूट स्वतःकडे ठेवून हॉवर करता (हवेत एका जागी धरता) का, आणि निघायचं किती वाजता. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण संध्याकाळच्या पाळ्या त्याच्यावरच लागतात. बदलापूरहून लोकल पकडणारा आणि गाडी घेऊन नाशिकला जाणारा यांची घाई वेगवेगळी असते.

लाईन आखणं

आपण उत्तर गोलार्धात १९ अंशांवर, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला. म्हणून पायलटांची तोंडं उत्तरेला करा. ऊन पाठीवर किंवा बाजूला राहतं. स्टेशनमध्ये निदान ३० मीटर अंतर, पायलटसमोर १५ मीटरवर फक्कीची रेघ, त्या रेघेच्या अलीकडे हेली आणायची नाही. बघे आणि मांडव स्टेशनच्या मागे आणखी ३० मीटर, मध्ये दोरी. प्रत्येकाने आपल्यासमोरच्या पट्ट्यातच उडवायचं; शेजाऱ्याच्या पट्ट्यावरून वेगात सूर मारणं म्हणजे पाळी जागच्या जागी संपली.

एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: चारही स्टेशन सारखी नसतात. एखाद्यासमोर आंब्याचं झाड असतं, एखाद्यासमोर बांध. त्यामुळे पायलटने आपलं आवडतं स्टेशन निवडायचं नाही, जे रिकामं होईल तिथे जायचं.

फळा आणि चिमटे

ॲप, शेअर केलेली शीट, व्हॉट्सॲप ग्रुप हे सगळं करून बघायला हरकत नाही, पण मुरबाडच्या पुढे रेंज दगा देते आणि हातात ट्रान्समीटर असलेला माणूस फोन बघत नाही. जुना फळाच परत आणा. एक पांढरा बोर्ड, त्यावर आडव्या चार सुतळ्या, आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. चिमट्यावर स्केचपेनने नाव.

नियम मोजके, पण पक्के:

एका माणसाचा एकच चिमटा. हेली चार आणल्या असतील तरी चिमटा एकच. वडील आणि मुलगा दोघं स्वतः उडवत असतील तर दोन. वडिलांनी मुलाच्या नावाने रांग लावून स्वतः उडवायचं नाही.

एक पाळी म्हणजे एक पॅक किंवा एक टाकी, आणि आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सात मिनिटं. यातलं जे आधी संपेल ते. ७०० आकाराची इलेक्ट्रिक हेली जोरात उडवली तर पॅकमधला ८० टक्के चार्ज चार ते सहा मिनिटांत संपतो, त्यामुळे इलेक्ट्रिकवाल्यांना हे आपोआप जमतं. नायट्रोवाला आठ-नऊ मिनिटं सहज राहू शकतो. त्याने टाकी अर्धीच भरावी किंवा टायमर लावावा. ‘माझं इंधन शिल्लक आहे’ हे कारण चालत नाही.

पाळी झाली की चिमट्यावर एक ठिपका. रांगेत कमी ठिपकेवाला नेहमी जास्त ठिपकेवाल्याच्या पुढे. या एका ठिपक्याने बाकीचे दहा नियम वाचतात. उशिरा आलेला, मध्येच नाश्त्याला गेलेला, दुरुस्तीत अडकलेला, सगळ्यांचा हिशेब तो ठिपकाच ठेवतो. सगळ्यांची पहिली झाल्याशिवाय कुणाचीही दुसरी नाही, हेही त्यातच आलं.

आणि रांग फळ्यावर असते, जमिनीवर नाही. स्टेशनच्या मागे हेली ठेवून वडापाव खायला निघून जाणं हा सीटवर रुमाल टाकण्याचाच प्रकार. नाव पुकारल्यावर माणूस हजर नसेल तर पुढचा जातो आणि याचा चिमटा दोन घरं मागे.

तयारीची चौकट

प्रत्येक स्टेशनच्या मागे दहा पावलांवर फक्कीने दोन मीटरची चौकट आखा. पुढचा पायलट इथे उभा राहतो, आणि आधीचा हवेत असतानाच आपली सगळी तपासणी उरकतो. ट्रान्समीटरवर योग्य मॉडेल निवडलंय का? (चुकीच्या मॉडेल मेमरीने जितक्या हेली उलटल्या असतील तितक्या वाऱ्याने नसतील.) थ्रॉटल होल्ड (मोटर फिरू न देणारा स्विच) चालू आहे का? पात्यांचे बोल्ट, शेपटीचा बेल्ट किंवा शाफ्ट, पॅकचा पट्टा, व्होल्टेज.

पॅक मांडवात कधीच जोडायचा नाही. चौकटीत जोडायचा की स्टेशनवर, यावर मतं दोन आहेत. मी चौकटीच्या बाजूने आहे: होल्ड चालू, हेली जमिनीवर, पाती कुणाच्याही दिशेने नाहीत, आणि जायरो स्थिर होईपर्यंत हात लावायचा नाही. मग रोटर हेडला घट्ट धरून आत न्यायची. हे सांभाळून केलं तर दीड मिनिट वाचतं. ज्या गटात नवखे जास्त, त्यांनी स्टेशनवरच जोडावा. दीड मिनिटासाठी कुणाची बोटं पणाला लावायची नसतात.

आत गेल्यावर एक मिनिटात रोटर फिरला नाही तर बाहेर यायचं. चूक लहान असेल तर लगेच पुढची पाळी पुन्हा त्याला, पण ही सवलत दिवसात एकदाच. नवीन बांधलेली किंवा पडून दुरुस्त केलेली हेली पहिल्यांदा हवेत न्यायची असेल तर ती पाळीच्या रांगेत नाही. ट्रॅकिंग (पाती एकाच पातळीत फिरतात का) बघणं, जायरोचा गेन (तो किती जोराने सावरतो ते) कमी-जास्त करणं, पुन्हा उतरवणं याला वीस मिनिटंही लागतात. त्यासाठी दुपारी साडेअकरानंतर एक स्टेशन राखून ठेवा. वारा असतो हे खरं, पण तपासणी हॉवरमध्येच करायची असते.

कुणाला कधी

सकाळचा पहिला तास कुणाचा, यावर हाणामारीच्या बेताला आलेल्या चर्चा मी ऐकल्यात. जुन्या जाणत्यांचं म्हणणं असतं की आम्ही पाचला उठून आलो, चांगली हवा आमची. पण जरा विचार करा, चांगली हवा लागते कुणाला? जो उलटी हेली जमिनीपासून हातभर अंतरावर धरू शकतो, त्याला ताशी पंधरा किलोमीटरचा वारा काय करणार आहे? ज्याचं नाक-आपल्याकडे हॉवर अजून डळमळतं, ज्याची ४५० वाऱ्याच्या झुळकेसरशी तीन मीटर सरकते, त्याच्यासाठी आठ आणि अकरा यांत उडवणं आणि मोडणं एवढं अंतर आहे.

तरीही चारही स्टेशन नवख्यांना देऊ नका. जाणती मंडळी रिकामी बसली की मांडवात कुरकुर पिकते, आणि शिवाय नवख्याच्या खांद्यामागे उभं राहायला हीच माणसं लागतात. साडेसात ते साडेआठ पश्चिमेकडची दोन स्टेशन नवख्यांची, दोन सर्वांची. तासाभरात एका स्टेशनवर आठ पाळ्या होतात, म्हणजे नवख्यांना सोळा. दहा नवखे असतील तर पहिली सगळ्यांची होऊन वर सहा. नवख्यामागे एक अनुभवी माणूस हवाच, दोघांचे ट्रान्समीटर जोडणारी ट्रेनर केबल किंवा वायरलेस जोडणी असेल तर उत्तमच. सोबत उभं राहणाऱ्याला त्याबद्दल ठिपका लागत नाही, उलट त्याचा चिमटा एक घर पुढे सरकवा. मदत करणाऱ्याची पाळी मागे पडणार असेल तर पुढच्या वर्षी मदतीला कुणी मिळणार नाही.

साडेआठनंतर सगळी स्टेशन सर्वांची.

स्केलवाले हा वेगळाच पंथ. वर्षभर खपून रंगवलेलं, खिडक्यांना काचा आणि आत बाहुला पायलट बसवलेलं मॉडेल ते शेजारी कुणी थ्रीडीत गरागरा फिरवत असताना बाहेर काढणार नाहीत, आणि काढूही नये. त्यांना संथ, लांब फेरी मारायला अख्खं मैदान लागतं. साडेनऊच्या सुमारास वीस मिनिटं फक्त त्यांची. तीन मॉडेल एका वेळी, दोन तुकड्या. त्यांचा एक ठिपका दहा मिनिटांचा झाला म्हणून थ्रीडीवाले डोळे वटारतील. त्यांना सांगा, त्या वीस मिनिटांत सगळे आपापले पॅक चार्जिंगला लावतील आणि चहा पितील. गावातली मंडळी आणि घरची माणसं मैदानावर सर्वात जास्त वेळ खिळतात ती याच वीस मिनिटांत, हेही खरं.

नामांकित पायलटांची प्रात्यक्षिकं अकरा वाजता ठेवा, नऊला नाही. वारा सुटलेला असतो, गर्दी जमलेली असते, आणि ज्याच्या पाठीशी कंपनी आहे त्याला वाऱ्यात उडवता आलंच पाहिजे. प्रात्यक्षिक संपलं की त्याचाही चिमटा इतरांसारखाच. मेळाव्याला जेवण दिलं, जनरेटर दिला, बक्षिसं दिली म्हणून कुणाला जादा पाळी देऊ नका. आभार माइकवर माना, हवेत नको.

लाईन सांभाळणारे

चार स्टेशनला तीन माणसं लागतात: एक फळ्यापाशी नावं पुकारायला, एक लाईनवर घड्याळ घेऊन, एक नजर आकाशावर ठेवून. आपल्या भागावरून जुहूहून सुटलेलं खरं हेलिकॉप्टर कधीही जाऊ शकतं. आवाज आला की तिसरा ओरडतो, ‘विमान!’ आणि सगळे खाली येतात. त्या वेळी गेलेली मिनिटं पायलटला परत मिळतात.

ही तिघंच दिवसभर राबली आणि बाकीचे उडवत राहिले, तर ज्यांनी न्याय सांभाळला त्यांच्यावरच अन्याय. पाऊण तासाची एकेक पाळी लावा. फॉर्म भरतानाच प्रत्येकाकडून एक पाऊण तास लिहून घ्या आणि काम संपलं की त्याला लगेच उडवायला पाठवा.

वेळ संपत आल्याचं कसं सांगायचं, यालाही रीत आहे. माणूस फनेलसारखी कसरत करत असताना समोर जाऊन हात हलवायचे नाहीत, मोठ्याने ओरडायचं नाही. मागून, उजव्या खांद्याजवळून, एका सुरात: ‘दादा, एक मिनिट राहिलं.’ उत्तर बहुधा येतं, ‘हो हो, उतरवतोय.’ मिनिटभराने फक्त ‘वेळ झाली.’ त्यानंतरही एखादा ‘हा शेवटचा’ म्हणत तीनदा शेवटचा करत राहिला तर वाद घालू नका, दंड लावू नका. तो उतरल्यावर त्याच्या चिमट्यावर एकाऐवजी दोन ठिपके. सगळ्यांदेखत, हसत. दुसऱ्यांदा तो वेळेवर उतरतो.

हेली पडली तर? शेजारच्या स्टेशनने हॉवर धरायचा किंवा उतरायचं, लाईनवाल्याने ‘मैदान मोकळं’ म्हटल्याशिवाय कुणी आत धावायचं नाही, आणि पहिल्याने पोचायचं ते वाळूची बादली घेऊन. फेब्रुवारीतलं वाळलेलं गवत आणि चेपलेली लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी यांची गाठ पडली तर अख्खा माळ पेटतो. पहिल्याच मिनिटात पडलेल्याची पाळी संपली असंच धरा. कठोर वाटेल, पण ‘माझी चार मिनिटं राहिली’ म्हणून दुसरी हेली आणू दिली की तो वेळ रांगेतल्या कुणाच्या तरी खिशातून जातो. त्याच्या वाट्याची सहानुभूती त्याला मांडवात भरपूर मिळते.

चार्जिंगचीही रांग असते

नंबर आला आणि पॅक रिकामा, असं झालं तर पाळी वाया. ७०० आकाराच्या हेलीचा बारा सेलचा ५००० मिलीॲम्पिअर-अवरचा पॅक म्हणजे सुमारे २२२ वॅट-अवर. तो दहा ॲम्पिअरने, अर्ध्या-पाऊण तासात भरायचा तर चार्जर साधारण पाचशे वॅट ओढतो. मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेला ५ केव्हीएचा जनरेटर सात चार्जर ओढेल. आठवा लावला की दिवे मिणमिणतात आणि मंडपवाला धावत येतो.

म्हणून चार्जिंगच्या टेबलावर सातच सॉकेट ठेवा आणि त्यांनाही ठिपक्याचाच नियम लावा: ज्याचे ठिपके कमी, त्याचा पॅक आधी. एका वेळी एकाचा एकच चार्जर. पहिल्या दोन पाळ्यांचे पॅक सगळ्यांनी घरून भरून आणले तर सकाळी टेबलावर गर्दीच होत नाही. उडवून आलेला गरम पॅक थंड झाल्याशिवाय लावायचा नाही, आणि टेबल सावलीत, मांडवाच्या कापडापासून लांब, खाली फरशी किंवा पत्रा.

संध्याकाळ

चार ते पावणेसहा, सात मिनिटांच्या हिशेबाने एका स्टेशनवर पंधरा पाळ्या, चारवर साठ. ठिपक्यांची रांग तशीच चालू राहते, फक्त लवकर निघणाऱ्यांना त्यांच्या ठिपक्यांच्या गटात पुढे घ्या. साडेचारनंतर नवा पॅक चार्जिंगला लावू देऊ नका. भरलेले पॅक उरले की माणसं शेवटच्या उजेडात ‘एवढा एकच संपवतो’ म्हणत रांग मोडतात, कारण लायपो भरलेला घरी न्यायचा नसतो. प्रति सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणूनच ठेवायचा. डिस्चार्ज करता येणारे दोन-तीन चार्जर टेबलावर ठेवले की हा दबावच संपतो.

सूर्य टेकला की फळा आवरण्याआधी चिमट्यांचा एक फोटो काढा. कुणाला किती ठिपके पडले ते त्यात दिसतं. पुढच्या मेळाव्याची पहिली फेरी त्याच क्रमाने लावायची: ज्याला या वेळी सर्वात कमी मिळालं, त्याचा चिमटा सर्वात पुढे.